क्रीडामहोत्सव आणि संकेतस्थळाची शीर्षपट्टी

मोठ्या रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी प्रथम पाट्यांकडे पाहतो. फलाट कोणता, तिकीटघर कोठे, बाहेर जाण्याची वाट कोणती, हे त्याला कोणास न विचारता कळावे लागते. संकेतस्थळावर हेच कार्य पृष्ठाच्या माथ्यावरील पट्टी करते. तिला शीर्षपट्टी किंवा हेडर असे म्हणतात. तीत मुख्य विभागांचे दुवे आणि बहुधा शोधपेटी असते. ती प्रत्येक पृष्ठावर त्याच जागी व त्याच क्रमाने दिसते, म्हणूनच वाचक वाट चुकत नाही.

मोठा क्रीडामहोत्सव आला म्हणजे मात्र वाचकांची गरज पालटते. आरंभापूर्वी त्यांना वेळापत्रक आणि तिकिटे हवी असतात. सामने सुरू असताना आजचे निकाल व पदके हवी असतात. समाप्तीनंतर जुन्या नोंदी हव्या असतात. यास्तव पट्टीतील दुव्यांचा क्रमही बदलावा लागतो. येथे नवा दुवा घालणे सोपे, परंतु जुना काढणे कठीण असते. दुवे वाढले की प्रत्येक दुवा शोधण्यास अधिक वेळ लागतो, आणि लहान पडद्यावर तर त्यांपैकी काही झाकलेच जातात.

नागानोचा धडा

या गोष्टीचे महत्त्व ऑलिंपिक क्रीडांच्या संकेतस्थळांवरून चांगले ध्यानात येते. १९९६ साली अटलांटा येथील क्रीडांच्या संकेतस्थळावर माहितीची मांडणी क्रीडाप्रकारांनुसार केलेली होती. एखाद्या निकालापर्यंत पोहोचण्यास किमान तीन पृष्ठे मागवावी लागत. तेथे पोहोचल्यावरही संबंधित वार्ता किंवा छायाचित्रे यांकडे जाण्यास सरळ दुवा नसे. वाचकास पुन्हा मागे फिरावे लागे. परिणामी, ज्या पृष्ठांवर केवळ पुढची वाट दाखविली होती, तीच पृष्ठे सर्वाधिक मागविली जाणाऱ्यांत मोडत.

१९९८ च्या फेब्रुवारीत जपानमधील नागानो येथे हिवाळी क्रीडा भरल्या. त्या वेळी मांडणी बदलण्यात आली. प्रत्येक दिवसासाठी स्वतंत्र मुखपृष्ठ झाले. माहिती देशांनुसार व खेळाडूंनुसारही पाहता येऊ लागली. आतील पृष्ठांवरही संबंधित दुवे देण्यात आले. सुमारे एक चतुर्थांशाहून अधिक वाचकांना हवे ते त्या दिवसाच्या मुखपृष्ठावरच मिळाले. सोळा दिवसांत या संकेतस्थळाकडे ६३.४७ कोटी मागण्या आल्या; एका दिवसातील सर्वाधिक संख्या ५.६८ कोटी होती. जुनीच मांडणी ठेवून नवी माहिती दिली असती, तर हा आकडा दिवसाला २० कोटींवर गेला असता, असा रचनाकारांचा अंदाज होता. म्हणजे वाट सोपी केल्याने वाचकाचे श्रम वाचले, आणि यंत्रांवरील भारही उतरला.

‘आज’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. नागानोत सकाळ असते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ असते; यास्तव दिनांक स्पष्ट लिहिणे इष्ट. शिवाय कार्यक्रम आयत्या वेळी बदलतात. नागानोतील पुरुषांची उतारावरील बर्फघसरण शर्यत खराब हवामानामुळे ८ फेब्रुवारीऐवजी १३ फेब्रुवारीस झाली. कोणते पृष्ठ कोणत्या माहितीवर अवलंबून आहे याची नोंद संगणकात ठेवली असल्याने, माहिती बदलताच केवळ तेवढीच पृष्ठे नव्याने सिद्ध होत.

वाट सर्वांसाठी

पट्टीतील दुवे चित्ररूप असले आणि त्यांस पर्यायी मजकूर जोडलेला नसला, तर अंध वाचकास ते नसल्यासारखेच होत. अंध वाचक पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या किंवा ब्रेलमध्ये उमटविणाऱ्या साधनांचा उपयोग करतात. चित्राचा अर्थ ही साधने आपल्या मनाने नेहमी अचूक लावू शकतातच असे नाही.

ऑस्ट्रेलियातील ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ साली सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना पर्यायी मजकूर नाही आणि वेळापत्रकाच्या पृष्ठावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे जाता येत नाही, अशा त्यांच्या हरकती होत्या. २००० च्या ऑगस्टमध्ये आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १५ सप्टेंबर या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत दुरुस्ती करण्यास सांगितले. ती अपुरीच झाली. तेव्हा समितीस २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. तथापि क्रीडा तोवर संपून गेल्या होत्या, आणि गेलेले दिवस भरपाईने परत येत नाहीत.

म्हणून शीर्षपट्टीतील बदल महोत्सवाच्या पुरेसे आधी करून, निरनिराळ्या वाचकांकडून तो तपासून घ्यावा लागतो. दुवे थोडे, नावे स्पष्ट, जागा स्थिर आणि प्रत्येक चित्रास मजकुराची जोड, ही त्याची साधी कसोटी होय. पट्टीवर उतरणारा भार तात्पुरता असतो; परंतु त्या थोड्या दिवसांत जो बाहेर राहिला, त्याच्यापुरता तो महोत्सव झालाच नाही.