मान्यता रद्द झाली म्हणजे पदवी रद्द झाली का?



बारावीनंतर डी.एल.एड. किंवा पदवीनंतर बी.एड. करायचं म्हटलं की नवी मुंबईतल्या घरांमध्ये फी, वेळ आणि अंतर या गोष्टी आधी पाहिल्या जातात. नेरूळ-वाशीहून रोज जाणं जमेल का, हेही विचारलं जातं. कॉलेजची मान्यता आज चालू आहे का, हे मात्र फार कमी जण तपासतात. आज त्याबद्दलच समजून घेऊ.

मान्यता कोण देतं?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजेच एन.सी.टी.ई. ही परिषद १९९३ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या चार विभागीय समित्या आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागीय समितीकडे येतो. विद्यापीठाची संलग्नता ही वेगळी गोष्ट आहे. ती असली तरी परिषदेची मान्यता लागतेच.

काढून कशी घेतात?

कायद्याच्या कलम १७ मध्ये हे दिलेलं आहे. संस्थेने अटी मोडल्याचं समितीला दिसलं, तर ती मान्यता काढू शकते. पण आधी संस्थेला आपली बाजू मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. कारणं लेखी नोंदवावी लागतात. आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो, आणि विद्यापीठालाही कळवला जातो, म्हणजे संलग्नताही काढली जाते. संस्थेला परिषदेकडे अपील करता येतं.

तारीख नीट पाहा

आदेश निघाला की त्याच दिवशी सगळं बंद, असं होत नाही. आदेश कळवल्यानंतर येणारं शैक्षणिक सत्र संपलं की मग तो लागू होतो. शिकत असलेली मुलं मध्येच अडकू नयेत, हा यामागचा हेतू. म्हणून लागू होण्याआधी रीतसर मिळवलेली पदवी केवळ मान्यता गेली म्हणून बाद होत नाही.

मात्र आदेश लागू झाल्यावरही संस्थेने अभ्यासक्रम चालवला, तर त्यातून मिळालेली पात्रता सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. दोन वर्षं आणि फी, दोन्ही वाया. आणि हे बऱ्याचदा कळतं कधी, तर नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासताना!

महाराष्ट्राचा अनुभव

आपल्या राज्यातल्या २९१ संस्थांच्या डी.एड. मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये अहवाल आला. यातल्या बहुसंख्य संस्था मान्यतेला पात्र नाहीत, असं आयोगाला आढळलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही याच आयोगाचा आधार घेऊन म्हटलंय की बऱ्याच स्वतंत्र अध्यापक संस्था पैसे घेऊन पदव्या देतात. म्हणजे मान्यता काढण्याचा अधिकार कागदावरच राहिला, तर त्याची किंमत शेवटी वर्गातली मुलं मोजतात.

सेवेत असलेल्यांनी काय पाहावं?

याच धोरणात शिक्षकांनी दरवर्षी किमान ५० तासांचं व्यावसायिक विकास प्रशिक्षण घ्यावं, असं सांगितलंय. शिवाय १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण लागतं. त्यामुळे सुंदर प्रमाणपत्र देणारे खासगी कोर्स डोळ्यांसमोर येत राहतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: 'हे तास कोणत्या शासकीय आदेशानुसार धरले जातील?' आदेश दाखवता आला नाही, तर तो कोर्स आवडीसाठी करा, सेवापुस्तकासाठी नको.

प्रवेशाआधी चार गोष्टी

१. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मंजूर जागा पाहा.
२. मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. बी.एड.ची मान्यता डी.एल.एड.ला चालत नाही.
३. 'कारणे दाखवा' नोटीस आली आहे का, हे स्पष्ट विचारा.
४. मान्यता काढल्याचा आदेश असेल, तर तो कधीपासून लागू होतो ते वाचा. अपील चालू आहे एवढ्या तोंडी आश्वासनावर नवा प्रवेश घेऊ नका.

या चार गोष्टी तपासायला फार तर एक दिवस लागतो. आपल्या ओळखीत कुणी यंदा प्रवेश घेणार असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.