युद्धभंगाराची ओळखपरेड

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा बंगालमधल्या पानागढच्या विमानतळावर विमानांचे भंगार साचलेले होते. १९४६ मध्ये टाटा एअरक्राफ्ट कंपनीने ते १० लाख रुपयांना विकण्याचा करार श्री हनुमान कॉटन मिल्सशी केला. गिरणीने अडीच लाख भरले, बाकीचे भरले नाहीत, आणि भरलेल्या रकमेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. अनामत जप्त कधी करता येते, हे त्यावरून शिकवतात. मला मात्र त्या व्यवहारातला एक शब्द अस्वस्थ करतो. मालाचे नाव होते ‘एअरोस्क्रॅप’. लष्कराच्या वहीत ज्या प्रत्येक पंपाला, झडपेला आणि दातेरी चाकाला स्वतःचा क्रमांक होता, ते सगळे या एका शब्दात शिरले आणि त्यांचे नुसते वजन उरले.

हे जगभर झाले. १९४५ नंतर लंडन, मँचेस्टर, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या दुकानांत लष्करी माल ढिगाने विकायला आला. वस्तू बाहेर पडल्या, पण त्यांची पुस्तके आली नाहीत. काही पुस्तके गोपनीय म्हणून कुलपात राहिली, काही जाळली गेली. ज्यांनी ती यंत्रे चालवली त्यांनी गुप्ततेची शपथ घेतलेली होती. त्यामुळे पितळी चाकांनी भरलेली एक जड पेटी हातात येते आणि ती कशासाठी होती हे सांगणारे कुणीच नसते. गेल्या ऐंशी वर्षांत हौशी माणसांनी, संग्रहालयांनी आणि जुन्या तंत्रज्ञांनी हे कोडे तुकड्या-तुकड्याने सोडवत आणले आहे. या कामाची कदर आपल्याकडे फार कमी झाली.

सुरुवात होते ठशांपासून. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकाची खूण असते. बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल तर माल कॅनडाचा, दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा. बाणाखाली ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थानच्या सैन्याचा. मुकुट आणि त्याखाली ‘ए.एम.’ म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालय. त्यांच्या भांडार क्रमांकाचा पहिला भाग पाहिला तरी वस्तूचे कूळ कळते: ‘६ए’ विमानातली मापक उपकरणे, ‘१०’ बिनतारी सामान, ‘१४ए’ कॅमेरे, ‘२२सी’ वैमानिकाचा पोशाख. जर्मन सामानावर कारखान्याचे नाव नसते, दोन-तीन अक्षरांचा संकेत असतो. ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, ‘बीएलसी’ म्हणजे येना इथली कार्ल झाइस. कोणत्या कारखान्यात काय बनते हे शत्रूला कळू नये म्हणून केलेली ही सोय होती. संकेतांच्या याद्या पुढे हाती लागल्या म्हणून आज ते ठसे वाचता येतात.

ठसा मालक सांगतो, फार तर कारखाना सांगतो. काम सांगत नाही. त्यासाठी तबकडी वाचावी लागते. वर्तुळाचे ६४०० भाग पाडलेले असतील तर बहुधा तोफखाना, ३६० असतील तर दिशादर्शन किंवा विमान. यार्ड आणि नॉट एकत्र दिसले की आरमाराकडे बघायचे. आणि तबकडीही नसेल, नुसती चाके असतील, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते.

त्या काळातली कितीतरी यंत्रे गणित करणारी होती, तेही विजेच्या मंडलांविना, धातूच्या आकारांनी. डिफरन्शियल गिअर दोन फिरण्यांची बेरीज करतो. फिरत्या तबकडीवर गोळी मध्यापासून जितकी दूर सरकवावी तितका तिच्याखालचा भाग वेगाने फिरतो, म्हणून त्या जोडणीतून वेगावरून अंतर मिळते. ओबडधोबड बटाट्यासारखा दिसणारा एखादा कॅम खरे तर आख्खे कोष्टक असतो: तो फिरवला आणि सरकवला की दोन आकड्यांवरून तिसरा मिळतो. म्हणून अनोळखी पेटी उघडणारा माणूस आधी दात मोजतो, गुणोत्तर काढतो, कोणता शाफ्ट आत येतो आणि कोणता बाहेर जातो ते मांडतो. यंत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होते, हे शेवटी त्या आकड्यांवरूनच उलगडते. मला यात इतिहासकाराच्या कामाइतकीच शिस्त दिसते.

मँचेस्टर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे डेस्मंड पॉल हेन्री युद्धात लष्कराच्या विद्युत आणि यांत्रिकी दलात तांत्रिक कारकून होते. १९५२ मध्ये लष्करी मालाच्या एका गोदामात त्यांना स्पेरी कंपनीचा बॉम्बसाइट संगणक मिळाला, अगदी कोरा करकरीत. बॉम्ब कोणत्या क्षणी सोडायचा हे काढणारे ते यंत्र. पुढची काही वर्षे ते आतल्या भागांची हालचाल पाहण्यातच रमले. १९६० च्या सुमारास त्यांनी अशा भागांना पेने जोडली आणि कागदावर वक्ररेषांची जाळी उमटू लागली. १९६८ मध्ये लंडनमधल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ प्रदर्शनात त्यांचे चित्रयंत्र मांडले गेले. ती चित्रे मला सुंदर वाटतात. त्यांच्यात बॉम्बसाइटच्या गणिताची वळणे जिवंत राहिली आहेत.

भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांनीही १९४५ च्या डिसेंबरात लष्कराचे रडार घेऊनच इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक इथे काम सुरू केले होते. १९५७ मध्ये तिथे ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिची थाळी वरखाली करणारे दातेरी भाग ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि ‘रिव्हेंज’ या युद्धनौकांच्या १५ इंची तोफांच्या बुरुजांतून घेतले आहेत. इथे भागाची ओळख हरवली नाही, कारण घेणाऱ्याला तो कुठला हे ठाऊक होते आणि त्याने ते लिहून ठेवले.

आपल्याकडे ही जाण हातांत होती. ब्रिटिश हवाई दलाने जाताना कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मुद्दाम निकामी करून सोडली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी युद्धकाळात बंगळुरूला अमेरिकन विमानांची दुरुस्ती केलेली होती. त्यांनी एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत ती १९४८ पासून पुन्हा उडती केली. पुण्याच्या लोहगावातूनही ती उडाली आणि १९६८ पर्यंत हवाई दलात राहिली. ज्या मालाला पानागढला भंगार म्हटले गेले, तसल्याच मालातून कानपूरला विमाने उभी राहिली. फरक एवढाच, की कानपूरला प्रत्येक भाग ओळखणारी माणसे होती. त्यांच्या आठवणी पुरेशा लिहून घेतल्या गेल्या नाहीत, याचे मला वाईट वाटते.

ओळख अजूनही लागते. २०१६ मध्ये ब्लेचली पार्कमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगच्या स्वयंसेवकांना इंटरनेटवर तार पाठवण्याचे यंत्र म्हणून एक वस्तू विक्रीला दिसली. ती एसेक्समध्ये एका शेडमध्ये पडून होती आणि किंमत होती साडेनऊ पौंड. तो लॉरेन्झचा लष्करी टेलिप्रिंटर निघाला, हिटलरच्या सेनापतींचे संदेश ज्या यंत्रणेतून जात तिचा भाग. जोडीचे सांकेतिक यंत्र नॉर्वेच्या लष्करी संग्रहालयाने उसने दिले, पण त्यात मोटर नव्हती. मग संग्रहालयाने लोकांनाच विचारले: काळ्या आवरणाची, दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली मोटर कुणाच्या घरी आहे का?

असा प्रश्न पुणे-मुंबईच्या जुन्या बाजारांतही विचारता येईल. अट इतकीच, की वस्तू घासूनपुसून चकचकीत करण्याआधी तिच्या रंगाचे, पट्टीचे आणि प्रत्येक ठशाचे फोटो काढावेत आणि ती कुठून आली हे विक्रेत्याला विचारून लिहून ठेवावे. तारेच्या ब्रशने ठसे जातात आणि ते परत आणता येत नाहीत. अंधारात चमकण्यासाठी आकडे रंगवलेली तबकडी असेल तर ती उघडू किंवा खरवडू नये. चमक विझली असली तरी त्या रंगातल्या रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे.