साठ दिवसांचीच बंदी का?

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. राज्य सरकारने पाच कीटकनाशकांची विक्री बंद केली, पण फक्त ६० दिवस. असे का?

उत्तर अधिकारांच्या वाटणीत आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ हा संसदेचा. कोणते औषध देशात विकायचे, हे केंद्राची नोंदणी समिती ठरवते. दुकानांचे परवाने आणि तपासणी राज्याकडे. कलम २७ राज्याला तात्पुरती विक्रीबंदी करू देते. औषध कायमचे हद्दपार करणे केंद्राच्या हाती.

अमेरिकेतही नोंदणी संघराज्य सरकारच करते. मात्र तिथला कायदा राज्यांना अधिक कडक नियम करू देतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२०मध्ये क्लोरपायरिफॉसची विक्री जवळपास पूर्ण थांबवली. अधिकारवाटणीचा हा फरक राज्यघटनांमध्येही दिसतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची १७९१ची दहावी दुरुस्ती संघाला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे ठेवते. आपल्या राज्यघटनेचे कलम २४८ असे उरलेले अधिकार संसदेला देते.

दगावलेल्यांची घरे ज्या राज्यात आहेत, त्या राज्याला कायमच्या बंदीचाही अधिकार मिळायलाच हवा.