किडनीचा गैरसमज

नाशिकरोड स्टेशनवर न थांबता धडधडत जाणारी मालगाडी पाहिली आहे ना? पुढच्या वेळी मागे सरकून उभे राहा आणि तिचा भोंगा नीट ऐका. इंजिन जवळ येताना आवाज टिपेचा असतो, आणि समोरून गेलं रे गेलं की तोच भोंगा खालच्या पट्टीत उतरतो. ड्रायव्हरने तर काहीच बदललेलं नसतं! १८४२ मध्ये ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ही गंमत गणितात मांडली, तीही ताऱ्यांच्या प्रकाशाचा विचार करताना. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये आगगाडीत चक्क वादक बसवून लोकांनी ती कानांनी पडताळली.

हीच युक्ती सोनोग्राफीच्या खोलीतही चालते. तुमच्याएवढ्या मुलीचं बीपी फार वाढलं, तर डॉक्टर कारण शोधतातच आणि पहिला संशय बहुतेकदा किडनीवर जातो. किडनीला रक्त पुरवणारी रोहिणी अरुंद झाली, की तिथे रक्त कमी दाबाने पोचतं. किडनीला वाटतं, सगळ्या शरीरातलाच दाब घसरला! ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यामुळे पुढे रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढतं. बिचारी मदतच करत असते.

ही रोहिणी पाहायच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं, कारण आतड्यातला वायू ध्वनीची वाट अडवतो. पोटावर गार जेली, वर ध्वनी सोडणारा प्रोब आणि "श्वास रोखून धर हं!" प्रोबमधून सेकंदाला तीसेक लाख कंपनांचा ध्वनी आत जातो. आपल्याला वीस हजारांपलीकडचं ऐकूच येत नाही! धावत्या रक्तपेशींवर आपटून तो परततो, तेव्हा त्याची कंपनं थोडी बदललेली असतात, फार तर काही हजारांनी. पण हा फरक मात्र आपल्या कानांच्या टप्प्यात येतो. म्हणून मशीनमधून नाडीच्या ठेक्यावर 'हुश्श... हुश्श...' ऐकू येतं.

नाशिकजवळ सोमेश्वरला खडकांमधून गोदावरी कशी उसळत पळते! अरुंद रोहिणीत रक्तही तसंच पळतं. वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास गेला, की डॉक्टर सावध होतात. पडद्यावरच्या रंगांना मात्र फसू नका. लाल म्हणजे शुद्ध रक्त नव्हे. बहुधा प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं.

दोष पक्का झाला, तर काही जणांच्या रोहिणीत बारीक नळीतून इवलासा फुगा नेऊन फुगवतात आणि वाट रुंद करतात. पुढेही अधूनमधून ही डॉप्लर तपासणी करावी लागते, कारण ती जागा पुन्हा आवळू शकते.