पद्मिनीचं बिल बघताना आधी पत्रा बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी नव्यासारखी करून घेताय? मग बिलाची एकूण रक्कम पाहून महाग की स्वस्त ठरवू नका. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून खरा खर्च पत्र्याच्या कामात असतो आणि फसवणूकही तिथेच होते.

सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणं हे कित्येक दिवसांचं कसबी काम. सडलेल्या पत्र्यावरच नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं अगदी सोपं. डिलिव्हरीच्या दिवशी दोन्ही प्रकारे केलेल्या गाड्या सारख्याच चकाकतात. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फरक कळतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक दरवाजाच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे. पण पत्रा खरंच बदलला का हे कळायला प्रायमर मारण्याआधीचे फोटो मागायलाच हवेत.

पत्र्यानंतर इंजिन, 1089 सीसीचं. 'इंजिन काम' असा एकच आकडा मान्य करू नका. सिलिंडर बोअर केले असतील तर मशीन शॉपचं बिल, नव्या पिस्टनची ओव्हरसाइज आणि काढलेले जुने पिस्टन मागा.

पत्र्याचं काम करणाऱ्या चांगल्या डेंटरची मजुरी जास्तच असते आणि ती असायलाच हवी. तिथे घासाघीस करू नका. पण काम सुरू होण्याआधी मजुरी, सुटे भाग, रंग आणि क्रोम यांचं वेगवेगळं एस्टिमेट लेखी घ्या, आणि वाढीव कामाला तुमची परवानगी लागेल हेही त्यातच लिहून घ्या.