हुमणीला भुंगेऱ्यातच गाठा

वळवाचा दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेनंतर बांधावरच्या कडुनिंबाकडे, बाभळीकडे बघा. जमिनीतून निघालेले तपकिरी भुंगेरे पाला खायला आणि मिलनासाठी तिथे जमतात; उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीतच अंडी घालते. त्यातून निघणारी पांढुरकी, अर्धचंद्रासारखी वाकलेली अळी म्हणजे हुमणी. तिसऱ्या अवस्थेत ती उसाची मुळं अशी कुरतडते, की पिवळं पडलेलं बेट हाताने सहज उपटून येतं. तेव्हा औषध मुळांपर्यंत पोचवणं खर्चिक आणि अवघडही. म्हणून माझा आग्रह भुंगेऱ्यांवर आहे: रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. एकट्याने करून भागत नाही. भुंगेरे शेजारच्या बांधावरूनही उडत येतात, त्यामुळे अख्ख्या शिवाराने एकाच वेळी हे करायला हवं.