संगीतसूर्य केशवराव भोसले

आपल्या बेळगाव परिसराचे आणि मराठी रंगभूमीचे नाते फार जुने आहे. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकाने झाला, आणि त्या प्रयोगामागील प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची होती. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. पुढे १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून त्यांनी मराठी संगीत नाटकास त्याचे खरे स्वरूप दिले. कन्नड आणि मराठी या दोन शेजारणींनी एकमेकींच्या दिव्यावर आपली वात लावून घेतली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

याच परंपरेतील एका थोर नटाचा परिचय आम्ही आमच्या बालवाचकांस आणि त्यांच्या घरच्या मंडळींस करून देऊ इच्छितो. त्याचा जन्म आपल्या उत्तरेस कोल्हापूरला झाला आणि त्याची संस्था आपल्या दक्षिणेस हुबळीला जन्मास आली. निपाणी, बेळगाव, धारवाड ही गावे या दोन टोकांच्या मधल्या वाटेवरची. त्या नटाचे नाव संगीतसूर्य केशवराव भोसले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले आणि घरात दारिद्र्य आले. ज्या वयात इतर मुले पाटीवर श्री गिरवितात, त्या वयात हा मुलगा 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळच्या नाटक मंडळ्या म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच असे. पडदे, पोशाखांच्या पेट्या, स्वयंपाकाची भांडी आणि पाचपन्नास माणसे घेऊन मंडळी गावोगाव मुक्काम करी. गरीब घरच्या सुरेल मुलास तेथे दोन वेळचे अन्न मिळे, आणि त्याबरोबर गाण्याची व पाठांतराची कडक तालीमही मिळे. शाळा अशी ती नव्हे. पण शिस्त मात्र शाळेहून उणी नव्हती.

त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्रियांच्या भूमिका मुलांनी आणि तरुण पुरुषांनी कराव्या, असा प्रघात होता. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचे लग्न जरठाशी लावून देण्याच्या दुष्ट रूढीवर त्यात कठोर प्रहार केलेला आहे. केशवरावांनी लहान वयात या शारदेची भूमिका केली आणि त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. मोठा नट परकाया प्रवेश करून मुलीचे दुःख दाखवितो. येथे तर भूमिका करणारा स्वतःच एक पोरका, कोवळा मुलगा होता. त्याच्या गाण्यातील आर्तता प्रेक्षकांच्या अंतःकरणाला जाऊन भिडली, यात नवल ते काय?

येथे संगीत नाटकातील नटाचे काम किती अवघड होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्याप्रमाणे ध्वनिक्षेपक त्या काळी नव्हता. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या साथीवर नटाने पदे म्हणावी, रसिकांनी 'वन्स मोअर' दिला की तेच पद पुन्हा रंगवावे, आणि लागलीच गद्य संवादाकडे वळावे, असा क्रम असे. हे सर्व शेवटच्या रांगेतील श्रोत्यास स्वच्छ ऐकू गेले पाहिजे. शिवाय बालनटाच्या मार्गात एक मोठा धोका असे. चौदा-पंधरा वर्षांचे वय झाले की मुलाचा आवाज फुटतो. ज्या गळ्यावर सारी कीर्ती उभी, तो गळाच दगा देतो. किती तरी बालनटांचे नाव या एका वळणावर कायमचे पुसले गेले. केशवराव त्या वळणातून तरले. त्यांचा आवाज पुढेही उंच, पल्लेदार आणि तेजस्वी राहिला. बालगंधर्वांच्या गाण्यात चांदण्याची शीतलता होती, तर केशवरावांच्या गाण्यात माध्यान्हीच्या सूर्याची प्रखरता होती. 'संगीतसूर्य' ही पदवी त्यांना शोभून दिसते ती यामुळेच. या देणगीला त्यांनी विद्येचीही जोड दिली. नामवंत गवई रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त गायनाचे शिक्षण घेतले.

कीर्ती मिळाली तरी दुसऱ्याच्या मंडळीत राहून मनाजोगे काम करता येईना, म्हणून त्यांनी ती मंडळी सोडली, आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आजचा सतरा वर्षांचा मुलगा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्या वयात केशवरावांनी अनेक माणसांच्या पोटापाण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. मराठी नाटक मंडळीचा जन्म कर्नाटकातील हुबळीस व्हावा, याचे आज कोणास आश्चर्य वाटेल. परंतु मिरजेहून बेळगाव, खानापूर, लोंढा या मार्गाने रेल्वे हुबळी-धारवाडकडे जात होती, आणि संगीत नाटकाचे चाहते त्या भागात कन्नड घरांतही होते व मराठी घरांतही होते. सुरांना भाषेची सीमा अडवीत नाही.

केशवरावांचे मोठेपण केवळ गळ्यात होते, असे मात्र आम्हांस वाटत नाही. कोणते नाटक लोकांपुढे ठेवावे, याची त्यांची निवडही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१२ साली ललितकलादर्शने हिराबाई पेडणेकर यांचे 'दामिनी' नाटक रंगभूमीवर आणले. रंगमंचावर उभे राहण्याचीही जेथे स्त्रियांस बंदी, तेथे एका स्त्रीने लिहिलेले नाटक निवडणे हे धैर्याचे काम होते. पुढे १९१६ साली मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' या मंडळीने केले. त्याचा विषय हुंड्याची चाल हा होता. वरेरकरांचेच 'संन्याशाचा संसार' १९१९ साली आले, आणि त्यात धर्मांतराचा तत्कालीन प्रश्न हाताळला गेला. पौराणिक कथांचे खेळ हमखास पैसा देत असताना, समाजाला टोचणारे प्रश्न पदरमोड करून मांडावे, ही वृत्ती व्यापाऱ्याची नव्हे.

केशवरावांच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी दिवस ८ जुलै १९२१ हा होय. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारण्याची हाक महात्मा गांधींनी देशास दिली होती. त्या फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून मुंबईच्या बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. या नाटकातील पदांना चाली दिल्या होत्या कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंबे यांनी. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर झाले.

या दोन नटांचे चाहते म्हणजे जणू दोन पक्षच होते. कोणाचे गाणे श्रेष्ठ, यावर घराघरांत वाद झडत. दोघेही आपापल्या मंडळीचे मालक, दोघेही कीर्तीच्या शिखरावर. एकाच रंगमंचावर उभे राहण्यात दोघांनाही धोका होता, कारण तुलना अटळ होती. आपापले स्वतंत्र प्रयोग करूनही दोघांना फंडास मदत देता आली असती. तथापि देशकार्यासाठी त्यांनी तो धोका पत्करला, आणि कोण जिंकले हा प्रश्नच त्या रात्री उरला नाही. संयुक्त मानापमानाची आठवण मराठी रसिकांनी आजवर जपून ठेवली आहे ती यासाठी. चढाओढ आणि स्नेह एकत्र नांदू शकतात, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

परंतु दैवाची गती विचित्र! त्या प्रयोगाला तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचे देहावसान झाले. सूर्य माध्यान्हीलाच मावळला.

मालकाच्या मृत्यूबरोबर मंडळी फुटावी, सामान सावकाराच्या घरी जावे, असे त्या काळी वारंवार घडे. ललितकलादर्शचे तसे झाले नाही. बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली आणि १९२२ साली वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. १९३७ साली बापूराव गेले. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेचे पुनरुज्जीवन केले. 'दुरितांचे तिमिर जावो' आणि 'पंडितराज जगन्नाथ' ही गाजलेली नाटके त्यांच्याच कारकीर्दीतील. हुबळीस एका सतरा वर्षांच्या मुलाने लावलेले रोप असे पिढ्यानपिढ्या फुलत राहिले.

कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले होते. शेजारीच त्यांचे खासबाग कुस्ती मैदान. १९५७ साली या थिएटरास केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी जेथे त्यांच्या प्रतिमेस हार घालायचे, तेथे कलावंतांना राख पाहावी लागली. त्यानंतर ते पुन्हा पूर्ववत उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. इमारत जळते, तशी ती बांधताही येते. मात्र ती बांधावी असे लोकांस वाटत राहिले पाहिजे.

केशवरावांना आयुष्य मिळाले एकतीस वर्षांचे. त्यांतही शाळेचे सुख त्यांच्या वाट्यास आले नाही. जे मिळाले ते त्यांनी कष्टाने घासूनपुसून लखलखीत केले, संस्थेच्या रूपाने इतरांस वाटून दिले, आणि प्रसंग येताच देशकार्यास वाहिले. आमच्या शाळेतील कोणास गळा लाभला असेल, कोणास हस्तकौशल्य, कोणास बुद्धी. त्या देणगीस शिक्षणाची जोड देण्याची संधी आज आपणांस सहज मिळाली आहे. तिचे मोल जाणणे, हीच या थोर नटाला आपण वाहिलेली खरी आदरांजली होय.